शामभाऊंची लिंक

त्या रविवारी सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी, मिठाची वाटी आणि माझी दोन पुस्तकं उचलून फ्रिजवर ठेवली आणि टेबल ताब्यात घेतलं. मग लॅपटॉप आला, निळा स्पीकर आला, वायरींचं भेंडोळं आलं, आणि लॅपटॉप जरा उंच व्हावा म्हणून खाली आईचा पोळपाट. साडेदहाला बैठक. दहा वाजल्यापासून घरात मिक्सर लावायचा नाही, असा नियम होता.

बैठक म्हणजे इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, पुणे अशी विखुरलेली पन्नासेक म्हातारी मराठी माणसं आणि त्यांची दर रविवारची ऑनलाइन मीटिंग. लॉकडाउनमध्ये सुरू झाली आणि पुढे बंद करायचं कोणाला सुचलं नाही. कोणी नाट्यगीत म्हणे, कोणी नर्मदेच्या परिक्रमेच्या आठवणी सांगे, कोणी तिळाच्या वड्या का फसतात यावर अर्धा तास बोले. बाबा स्वतः काही बोलत नसत. इथे इंदूरला पोलोग्राउंडमधल्या पंपांच्या कारखान्यात ते फोरमन होते. यंत्र चालू ठेवायचं, ते काय उपसतंय याची चौकशी करायची नाही, अशी त्यांची रीत, आणि बैठकही त्यांनी तशीच चालवली. त्यांचा कॅमेरा बंद असे. पडद्यावर एक काळा चौकोन आणि त्यात ‘शाम, होस्ट’ एवढीच अक्षरं.

मीटिंगची लिंक उघडणं सगळ्यांना जमत नसे. म्हणून बाबा तीच मीटिंग त्याच वेळी यूट्यूबवर आणि फेसबुकवरही सोडत. कोणाचा नातू टीव्हीवर यूट्यूब लावून देऊन खेळायला जाई, कोणाला फोनवर फेसबुकशिवाय दुसरं काही उघडता येत नसे. मी एकदा म्हटलं होतं, की सगळ्यांना एकच काहीतरी शिकवून टाका ना.

“माणूस बसलाय तिथे आपण जायचं,” बाबा म्हणाले. “त्याला कशाला उठवायचं?”

आई आतल्या खोलीतून बघे. गेल्या पावसाळ्यात तिच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंग, वॉकर आणि समोरचा टीव्ही एवढ्यातच तिचा दिवस जातो. टीव्हीवरचं यूट्यूब वीस-पंचवीस सेकंद मागे चालायचं. बाबा टेबलापाशी विचारायचे, “आवाज येतोय का सगळ्यांना?” आणि जरा वेळाने तेच वाक्य, त्याच खोकल्यासकट, आतल्या खोलीतून यायचं.

“अहो, एकदा ऐकलं तरी पुरे होतं मला,” आई आतून म्हणायची. “दोन-दोनदा कशाला पाठवताय?”

त्या रविवारी बैठकीतलं बोलणं बाराला संपलं. बाबा मात्र उठले नाहीत. होस्टने आधी उठायचं नसतं, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला दंडक होता. एक बटण दाबलं असतं तर सगळे एकदम बाहेर पडले असते, पण ते बटण त्यांनी कधी दाबलं नाही. एकेक जण आपल्या सवडीने निरोप घेई, आणि शेवटी देवासचे अप्पासाहेब उरत. वय चौऱ्याऐंशी. फोन असा धरत की पडद्यावर फक्त कपाळ आणि वरचा पंखा.

“शाम, मी गेलो का रे?”

“नाही अप्पासाहेब, दिसताय अजून. खाली बघा, उजव्या हाताला लाल बटण आहे.”

“दाबलं.”

“ते कॅमेऱ्याचं दाबलंत. आता तुमच्याकडे अंधार झालाय. होऊ दे. घाई काय आहे, सावकाश.”

मी स्वयंपाकघराच्या दारात थाळी घेऊन उभी होते. थंडीने भरल्या वांग्यांवरचं तेल गोठत चाललं होतं. बाबांनी एक हात मागे नेऊन कंबर दाबून धरली होती. त्या लाकडी खुर्चीत त्यांच्या पाठीला रग लागायची. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया वर केल्या, म्हणजे आलोच. मी थाळीवर ताट पालथं घातलं आणि माझं पुस्तक फ्रिजवरून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होते. वळणाच्या पायरीवर बसले. समोरच्या सोनलभाभींना वाटलं, दम लागला असेल. तिथून ते उठले नाहीत.

*

शहरात आता कावळे फारसे दिसत नाहीत, गुरुजी म्हणाले. मागे एका घरच्यांना दुपार टळेपर्यंत बसून राहावं लागलं होतं. म्हणून दहावा सांवेरच्या पुढे, क्षिप्रेच्या काठी करायचं ठरलं. तिथे गव्हाची शेतं आहेत, बाभळी आहेत, बाभळींवर कावळे आहेत.

आई येऊ शकत नव्हती. खडबडीत रस्त्यावर गाडीत बसवणं शक्यच नव्हतं.

“मला दाखव,” ती म्हणाली. “पिंडाला कावळा शिवलेला मी डोळ्यांनी बघीन, मगच घास घेईन.”

“आई, डायबिटीसच्या गोळीवर उपाशी राहायचं नाही असं डॉक्टरांनी—”

“मला त्यांना जाताना बघता आलं नाही, अरू. मी इथे पलंगावर होते आणि ते जिन्यात. एवढं तरी दाखव.”

मी बाबांचा लॅपटॉप उघडला. त्यात सगळं त्यांनी लावून ठेवलेलंच होतं. मीटिंगची लिंक इतकी वर्षं एकच होती आणि म्हाताऱ्यांनी ती आपापल्या फोनमध्ये ‘शामभाऊ’ म्हणून ठेवलेली होती. यूट्यूब आणि फेसबुकच्या लांबलचक, पासवर्डसारख्या किल्ल्याही तिथेच साठवलेल्या. मी बाबांच्या खात्यातून आत शिरून दोनदा तालीम केली, आणि बैठकीच्या ग्रुपवर लिहिलं: बुधवारी सकाळी, याच लिंकवर.

विधीला मी बसावं, असं माझ्या मनात होतं. गुरुजींची हरकत नव्हती. पण लॅपटॉपचं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. शेवटी माझा चुलतभाऊ रजत ओल्या धोतरात बसला आणि मी कॅमेऱ्यामागे राहिले.

काठावर पोचलो तेव्हा धुकं विरत होतं. गाडीची डिकी उघडून तिच्यात लॅपटॉप ठेवला. माझा फोन मीटिंगला जोडून तिवईवर लावला आणि पिंडाच्या जागेवर रोखला. इंटरनेट रजतच्या फोनचं, त्याला कधी एक दांडी, कधी दोन. निळा स्पीकर रजतनेच उचलून पिंडापासून दोन हातांवर, एका दगडावर नेऊन ठेवला.

“तिथे कशाला?”

“लोग बोलणार ना, ताई,” तो म्हणाला. “काही इच्छा राहिली असेल तर बोलून दाखवायचं असतं. काकांना ऐकायला गेलं पाहिजे की नको? तुझ्या डिकीतून काय ऐकू येणार?”

गुरुजींनी मान हलवली. बरोबर आहे, म्हणाले, पिंडापाशी ऐकू जायला हवं. मलाही त्यात चूक दिसली नाही.

विधी झाले. दर्भावर पिंड ठेवला गेला. शेजारी पानावर बाबांच्या आवडीचं म्हणून पोहे, पोह्यांवर शेव, एक जिलबी. आम्ही सगळे मागे सरलो. बाभळीवर पाच-सहा कावळे होते. पडद्यावर ओळखीचे चेहरे चौकोनांत गर्दी करून होते, अप्पासाहेबांचं कपाळ होतं. फेसबुकवर हात जोडलेल्यांच्या रांगा लागल्या होत्या. यूट्यूबवर आई होती. तिचं नाव कुठे दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं.

कावळे हलले नाहीत.

ऊन बाभळीच्या शेंड्यावरून खोडाशी उतरलं. मग गुरुजी म्हणाले, “बोला काही. मनात काही राहिलं असेल त्यांच्या.”

रजत हात जोडून पुढे झाला. “काका, काकूंची काळजी करू नका. मी आहे. दवाखाना, औषधं, सब देख लूंगा. टेन्शन नका घेऊ.”

कावळे नदीकडे तोंड करून बसले होते.

मी सगळ्यांचे माइक उघडले, म्हणजे ज्यांना बोलायचं त्यांना बोलता यावं. निळ्या स्पीकरमधून एकेक आवाज येऊ लागला. धारच्या एका काकांनी बाबांकडून नेलेला पान्यांचा संच परत पोचवायचं कबूल केलं. पुण्याच्या बाई म्हणाल्या, शामभाऊ, तुम्ही सांगितलं होतं तसं मी रोज चालायला जाईन. अप्पासाहेबांचं कपाळ हललं.

“शाम, बैठक बंद पडू देणार नाही रे. कोण चालवणार ते माहीत नाही. पण बंद पडू देणार नाही.”

मग ग्वाल्हेरची मंजिरीआत्या. बाबांची धाकटी बहीण, आवाज असा की माइक नसता तरी ग्वाल्हेरहून पोचला असता. “दादा, अरूचं लग्न राहिलंय ना तुझ्या मनात? मी जमवते. ती नाही म्हणाली तरी जमवते. तू ये बरं आता. किती भाव खाशील?”

रजतने माझ्याकडे चोरून पाहिलं. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, भंवरकुआंजवळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि माझ्या लग्नाचा विषय बाबांनी शेवटचा कधी काढला ते मला आठवत नाही.

“अरू,” स्पीकरमधून आत्या म्हणाली, “तू बोल ना गं. सगळे बोलले. तूच राहिलीस.”

“बोलते, आत्या.”

“कधी?”

मी लॅपटॉपच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत राहिले. मरणाबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे. कपाटंच्या कपाटं. त्या डिकीपाशी उभं असताना त्यातलं एक वाक्यही माझं नव्हतं.

बाबांच्या फोनवर सोनलभाभींचा फोन आला. घरी आईपाशी त्या बसल्या होत्या.

“दीदी, आंटीजी ने सुबह गोली तो ले ली. अब कुछ खा नहीं रहीं. हाथ काँप रहे हैं. मशीन में पैंसठ आया है.”

“पासष्ट? साखर तोंडात घाला, भाभी. शक्कर. ज़बरदस्ती.”

“मुँह ही नहीं खोल रहीं.”

“फोन आईकडे द्या.”

आईचा श्वास ऐकू आला. मग आवाज, बारीक, पण सरळ. “दिसतंय गं नीट. पोह्यांवर शेव कोणी घातली? छान केलं.”

“आई, दोन चमचे साखरपाणी घे. पाणी म्हणजे काही जेवण नाही.”

“कावळा शिवला की घेईन.”

“आई, तुझी साखर उतरतेय. चक्कर येईल. तुला कळतंय का मी काय म्हणतेय? मी इतक्या लांब आहे, मला यायला तास लागेल.”

“तू ये कशाला? तू तिथेच थांब. आणि हे बघ, मला फसवू नकोस. मध्येच टीव्ही काळा पडला तर मी काय ते समजेन.”

मी वळून पाहिलं. रजतच्या फोनला एकच दांडी होती. लॅपटॉपची बॅटरी लाल झाली होती. मला पळत जाऊन गाडीचा चार्जर शोधायचा होता, आईला ओरडून सांगायचं होतं, बाभळीला दगड मारायचा होता. मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले, कारण त्याच वेळी एक कावळा खाली उतरला.

तो पिंडापासून जरा लांब बसला. मान तिरकी करून त्याने आधी जिलबीकडे पाहिलं, मग पिंडाकडे. दोन उड्या मारून पुढे आला. गुरुजींचे ओठ हलायचे थांबले. आणखी एक उडी. त्याने चोच खाली केली.

“आला, आला, दादा आला!”

मंजिरीआत्याचा आवाज. निळ्या स्पीकरमधून, पूर्ण ताकदीने, कावळ्यापासून दोन हातांवर. तिच्यामागोमाग आणखी दहा-बारा आवाज. मी सगळ्यांचे माइक उघडे ठेवले होते.

कावळा उडाला. बाभळीवरचे बाकीचेही उडाले आणि नदी ओलांडून पलीकडच्या शेतात गेले.

आणि माझ्या कानाशी, फोनमध्ये, आई म्हणाली, “अगं, आला.”

माझ्यासमोर पिंड होता, पोहे होते, रिकामी जमीन होती.

“बघ ना, अरू, आला. बाजूला बसलाय. जिलबीकडे बघतोय.” तिच्या आवाजात हसू होतं. दहा दिवसांत ते मी ऐकलं नव्हतं. “जिलबीकडेच बघणार आधी.”

रजतला समजलं. तो धोतर सावरत धावत आला आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून कुजबुजला, “भाभीला सांग, टीव्ही बंद करा. आत्ता. म्हण, लाइट गेली. काकूंनी बघितला ना येताना? मग शिवलाच समज. जेवतील त्या. ताई, बोल.”

सोनलभाभी आईच्या शेजारीच बसलेल्या होत्या. रिमोट त्यांच्याच हातात असणार. दोन शब्द पुरले असते. टीव्ही काळा पडला तर काय ते समजेन असं आई म्हणाली होती, पण कावळा येताना पाहिल्यावर तिने तो शिवलाच असं मानलं असतं. आई जेवली असती, तिच्या हाताची थरथर थांबली असती, आणि जन्मभर तिने सांगितलं असतं की मी डोळ्यांनी पाहिला.

“भाभी—” मी म्हणाले.

“श्श. बोलू नकोस गं मध्ये,” आई म्हणाली. “पुढे येतोय. आला बघ जवळ. आता फक्त...”

रजतने माझं मनगट धरून हलवलं. माझं तोंड उघडं होतं. आई इतक्या प्रेमाने बघत होती की मधे बोलणं मला जमलं नाही. एवढंच. त्यात दुसरा काही विचार नव्हता.

आणि मग आईकडचा टीव्ही मला फोनमधून ऐकू आला. आला, आला, दादा आला.

“उडाला,” ती म्हणाली.

“हो, आई.”

“कोण ओरडलं? मंजिरी का?”

“हो.”

“लहानपणापासून अशीच आहे ती.” मग ती रडू लागली. कावळा गेल्यावर नाही, हे बोलल्यावर. सोनलभाभींनी फोन काढून घेतला. पलीकडे चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज झाला, भाभी म्हणत होत्या, आंटीजी, थोड़ा सा, मेरी कसम, आणि फोन कटला. मी परत लावला. उचलला नाही. परत लावला.

निळ्या स्पीकरमधून आत्या हुंदके देत होती. “मी काय केलं गं... दादा, मी काय केलं...” तिच्यावर कोणीतरी खेकसलं, कोणीतरी समजूत घालत होतं, कोणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली, कोणी विचारत होतं, शिवला की नाही, आमच्याकडे नीट दिसलं नाही. फेसबुक तर टीव्हीच्याही मागे चालत होतं बहुतेक. तिथे कोणीतरी आत्ता लिहिलं होतं: आला, अभिनंदन.

गुरुजी माझ्याजवळ आले. चांगले गृहस्थ. सकाळपासून त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलेलं मला दिसलं नव्हतं, आता पाहिलं.

“ताई, दुपार होत आली. ते पलीकडे गेले, आता लवकर परततील असं वाटत नाही. शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून त्याने शिवून घेतलं तर चालतं. दोष नाही.”

“आई नाही म्हणेल.”

“त्यांची तब्येत बघा. किती वेळ ठेवणार?”

“अरूताई, हो म्हण,” रजत म्हणाला. “काका गेलेच आहेत यार. आता काकूंना काही झालं तर?”

फोन लागला. भाभी म्हणाल्या, दोन थेंब ओठांतून गेले असतील, बाकीचं आंटीजींनी थुंकून टाकलं. टीव्हीवरची नजर काढत नाहीयेत. आता बोलणंही लटपटतंय, डॉक्टर को बुलाऊँ क्या? मी म्हटलं, बोलवा. आत्ता बोलवा. मग गुरुजींकडे वळून म्हटलं, करा. दर्भाचा करा.

गुरुजी खाली बसले आणि दर्भाच्या काड्या निवडू लागले.

स्पीकरमधला गलका चालूच होता. मी डिकीपाशी गेले आणि जे सगळ्यांत आधी करायला हवं होतं ते केलं. दर रविवारी बाबा बैठक सुरू होताच पहिलं हेच करायचे. मी सगळ्यांना म्यूट केलं.

तेव्हा कळलं, की सकाळपासून त्या काठावर केवढा आवाज होता. आता नदीचं पाणी दगडाला लागत होतं तेवढंच ऐकू येत होतं. लांब कुठेतरी ट्रॅक्टर. दर्भाच्या काड्या गुरुजींच्या बोटांत कुरकुरत होत्या.

मी पडद्याकडे पाहिलं. कोणी गेलेलं नव्हतं. इतका वेळ झाला होता, जेवणाची वेळ झाली होती, या सगळ्या माणसांना गोळ्या असतात, झोपा असतात. तरी सगळे आपापल्या चौकोनात बसून होते, आवाज बंद, तोंडं हलत नसलेली. आत्याने पदर तोंडावर धरला होता. अप्पासाहेबांचं कपाळ आणि त्यावरचा न फिरणारा पंखा. आणि पहिल्या ओळीत पहिला, काळा चौकोन. मी त्यांच्याच खात्यातून आत शिरले होते, त्यामुळे सकाळपासून तो तिथेच होता. शाम, होस्ट.

मी किती वेळ त्याच्याकडे बघत राहिले ते सांगता येणार नाही.

जाताना त्यांनी कोणाच्या लग्नाचा विचार केला असेल, पान्यांच्या संचाचा केला असेल, असं मला वाटेना. बाबांना मी ओळखते. एवढी माणसं समोर बसलेली असताना ते उठले नसते. कोणाला लाल बटण सापडलेलं नसताना तर नाहीच. कंबरेवर हात दाबून धरून, जेवण गार होऊ देऊन, ते बसून राहिले असते. आणि मी दारात थाळी घेऊन उभी राहिले असते, मग ताट पालथं घातलं असतं, आणि पुस्तक उघडलं असतं.

मी निळा स्पीकर दगडावरून उचलून गाडीत ठेवला. रजत काहीतरी विचारत होता. मी तिवईच्या बाजूने पुढे गेले आणि पिंडापासून जरा अंतरावर जमिनीवर बसले. फोनमधून मी आता सगळ्यांना दिसत असणार. जरा वेळाने आईलाही दिसणार होते. गुरुजींच्या हातात दर्भाला चोचीसारखं टोक आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात थांबवले.

पलीकडच्या शेतावर कावळे होते की नाही, मी पाहिलं नाही.

“बाबा,” मी म्हणाले. पुन्हा म्हणाले, “बाबा, सगळे आहेत अजून. कोणी गेलं नाही. अप्पासाहेबही आहेत, कपाळ दिसतंय त्यांचं. त्यांना लाल बटण मी दाखवीन. सावकाश दाखवीन, घाई करणार नाही. आईला मी भरवीन. तुमची पाठ दुखत असेल. मला दर रविवारी दिसायची. तुम्ही उठा आता. मी बसते.”